गार पडलेली मांजर

आमच्याकडे मेलेलं मांजर लगेच पुरत नाहीत. आधी ते बाकीच्या मांजरांना दाखवायचं. मोठ्या खोलीच्या मधोमध फडकं अंथरायचं, त्यावर ते ठेवायचं आणि दार लोटून दहा मिनिटं बाहेर थांबायचं. एकेक मांजर येतं, हुंगतं, तोंड फिरवतं आणि आपल्या जागेवर जाऊन अंग चाटत बसतं. असं केलं नाही तर मेलेल्याचा सोबती तीन-तीन दिवस कानाकोपरा शोधत ओरडत फिरतो, खाणं सोडतो. आणि आमच्या कामात खाणं सोडलेलं मांजर म्हणजे अर्धं गेलेलं मांजर. ही पद्धत मला कुणी शिकवली नाही, मीच पाडली. त्या पद्धतीने एकदा मला स्पष्ट सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, ती ही गोष्ट.

तळवली गावातल्या एका जुन्या बैठ्या घरात भटक्या, आजारी, टाकून दिलेल्या मांजरांचं केंद्र चालतं. तिथे मी अठरा वर्षं आहे. पहिल्या दिवशी माझ्या हातात झाडू होता. त्याआधी मी वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांदा निवडायला जायची, मग स्वतःची हातगाडी लावली. भाव करायला तिथे शिकले आणि आवाज चढवायलाही तिथेच. शाळा सातवीपर्यंत. पण कातडीखाली सलाईन कुठे टोचायचं, जबडा आवळून बसलेल्या मांजराच्या गालाच्या फटीतून सिरिंज कशी सरकवायची, हे नवे डॉक्टर माझ्याकडे बघून शिकून गेलेत.

लोकांना वाटतं, मांजरांचं काम म्हणजे पिल्लांना बाटलीने दूध पाजायचं. आम्ही दूध देतच नाही, जुलाब होतात. आमचं निम्मं काम त्यांच्या घाणीची माती उपसण्याचं आणि उरलेलं वाट बघण्याचं. फिनेल आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, कारण मांजर पंजे चाटतं आणि फिनेल पोटात जातं. एका सज्जन बाईंनी भेट म्हणून फिनेलचा कॅन आणला होता. मी तो त्यांच्याच गाडीत परत नेऊन ठेवला.

येणारी माणसंही एकेक. गळ्यात साखळी घातलेले एक शेठ ओळीने तीन दुपारी येऊन एका गाभण मांजरीच्या पिंजऱ्यासमोर उभे राहिले. चौथ्या दिवशी हळूच म्हणाले, "ताई, हिची वार मिळेल का?" मांजर व्याली की पिल्लांमागून पडणारी वार स्वतःच खाऊन टाकते. ती हाती लागली आणि तिजोरीत ठेवली तर पैसा घर सोडत नाही, असं मानणारे बरेच आहेत.

मी म्हटलं, "मिळेल की. पण वार मागणाऱ्याने आधी पंधरा दिवस मांजरांची हगलेली माती उपसायची, असा आमचा नियम आहे."

"पाच दिवस चालेल?"

"बारा."

आठवर ठरलं. चार दिवस त्यांनी खरंच माती उपसली, साखळी शर्टाच्या आत टाकून. पाचव्या दिवशी आले नाहीत. मांजरीने वार खाल्ली आणि तोंड पुसलं.

दुसऱ्या एक बाई मोबाइलमधला फोटो घेऊन आल्या. त्यांची मांजर गाडीखाली गेली होती. "अगदी अशीच द्या. मुलीला कळता कामा नये." दिली शोधून, तेच ठिपके, तीच शेपटी. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या, मांजर पिशवीत घेऊन. "मुलीला काही कळलं नाही हो," म्हणाल्या. "पण ही माझ्याकडेच बघत बसते. जणू तिला सांगितलंय कुणी." मी मांजर परत घेतली. बाईंना हसलेही. पुढे माझ्यावरच पाळी आली, तेव्हा त्या बाई मला फार वेळा आठवल्या.

आता मुद्द्याचं. तीन वर्षांपूर्वी विश्वस्तांनी माझ्या डोक्यावर रश्मी मॅडमना आणून बसवलं. प्राण्यांच्या देखभालीचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, बोलणं हळू, चप्पल कायम जागेवर. दारावर नवी पाटी लागली. तिच्यावर विश्वस्तांची नावं, देणगीदारांची नावं, व्यवस्थापक म्हणून मॅडमचं नाव. पंधरा वर्षं ज्या बाईने ते घर चालवलं तिचं नाव कुठेच नाही. वर मला सांगण्यात आलं की मॅडमना काम समजावून द्या. ही सल माझ्या मनात आजही आहे आणि ती काढायचा माझा विचार नाही.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी विचारलं, "कमलताई, मांजर मृत ठरवण्याआधी तापमान कोण बघतं?"

"कोण म्हणजे? मी बघते. हाताने."

"थर्मामीटर नाही लावत?"

"मेलेलं आणि जिवंत ओळखायला मला मशीन लागत नाही, मॅडम. पंधरा वर्षं काय मी भोपळे मोजत होते?"

संध्याकाळी त्यांनी एका कागदावर सुबक अक्षरात नियम लिहिला: 'गार पडलेलं जनावर आधी ऊब देऊन तपासावं, मगच मृत म्हणून नोंद करावी.' तो भिंतीला चिकटवला. दुसऱ्या दिवशी मी त्यावर कॅलेंडर टांगलं.

त्यानंतरच्या जानेवारीत चार-पाच दिवस खाडीकडून असा वारा सुटला की तळवलीतली माणसं सकाळी कानाला मफलर बांधून फिरत होती. त्यातल्या एका सकाळी साडेआठला कोपरखैरण्याच्या एका सोसायटीचा वॉचमन सिमेंटच्या रिकाम्या गोणीत मांजर घेऊन आला. परभणीकडचा माणूस, पन्नाशीचा.

"पंपाच्या खोलीत व्हती, ताई. आठ दिस खोलीला कुलूप. आत समदं पानी साचलेलं. आज मेकॅनिक आला म्हनून उघडली बगा."

"आठ दिवस ओरडली नाही?"

"ओरडली की. पयले चार दिस लई ओरडली. किल्ली सेक्रेटरीकडं. ते म्हनले, ऱ्हाऊ दे, उंदरं धरंल. मंग आवाज बंद पडला. मला वाटलं, निघून गेली कुठूनतरी." त्याने गोणी खाली ठेवली. "आता म्हनतेत फेकून दे. मला काय फेकवंना."

त्या वेळी माझ्या कानाला फोन होता आणि फोनवर एक विश्वस्त होते. विषय अर्थातच पाटीचा. मी फोन खांद्यात धरला आणि दुसऱ्या हाताने गोणीत चाचपलं. पांढरी मांजर, अर्धं तोंड काळं, कुणी मधोमध रेघ मारून रंगवल्यासारखं. अंग ओल्या फरशीइतकं गार. फासळ्या बोटांना लागत होत्या. डोळे अर्धे उघडे आणि त्यांवर धूळ बसलेली. ओठ वर केला तर हिरड्या खडूसारख्या. जबडा उघडला नाही. पुढच्या पायामागे दोन बोटं दाबून धरली, तिथे काही नव्हतं.

"गेली," मी म्हटलं.

"कोण गेली?" फोनवरचे विश्वस्त दचकून म्हणाले.

वॉचमनने हात जोडले आणि तो निघून गेला. मॅडम बेलापूरला मीटिंगला गेल्या होत्या, दुपारपर्यंत येणार नव्हत्या. मी मांजर मोठ्या खोलीत नेऊन फडक्यावर ठेवली, दार लोटलं आणि फोनवरचं भांडण पुढे चालू केलं.

दहा मिनिटांनी दार उघडलं. खोलीत तेव्हा चौदा मांजरं होती. एकही आपल्या जागेवर गेलेलं नव्हतं. सगळी तिच्याभोवती बसली होती, अंगाला अंग लावून. एरवी जी मांजरं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, ती. आमचा एकडोळ्या म्हातारा बोका तर तिच्या पोटावर आडवा पसरला होता. आवाज नाही, गुरगुर नाही. मी दारात उभी राहिले तर चौदाही माना माझ्याकडे वळल्या आणि पुन्हा तिच्याकडे गेल्या.

माझ्या अंगावर काटा आला. आणि मला काटा आला की लगेच राग येतो.

टाळ्या वाजवून मी त्यांना हुसकावलं. एकडोळ्या उठेना, त्याला मानेला धरून उचलावं लागलं. त्याचं पोट तिच्या अंगावरच्या पाण्याने ओलं झालं होतं. मागे सरिता उभी होती, आमच्याकडे झाडलोट करणारी.

"ताई, यांनी तोंड नाही फिरवलं."

"तू तुझं झाड."

मेलेल्या मांजराला आम्ही आधी सुती फडक्यात गुंडाळतो आणि वरून कांद्याची लाल जाळीची पिशवी घालतो, म्हणजे कुत्र्यांनी ओढली तरी फडकं सुटत नाही. ही युक्तीही माझीच, मार्केटातून आणलेली. पिशवीचं तोंड सुतळीने आवळलं, वर माझी गाठ मारली. मी मारलेली गाठ ट्रकभर हादरे खाऊन नाशिकला पोचली तरी सुटत नाही. खड्डा काढायला सरिताचा नवरा दुपारी तीनला येणार होता. तोपर्यंत पिशवी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली आणि रजिस्टरात 'मृत' लिहून सही केली.

एकच्या सुमाराला हिराबाई आली. ती गावातलीच, घरोघर मासळी विकायची. रोज आमच्या पायरीवर टोपली उतरवते आणि रोज आमचं भांडण होतं.

"ढोमी कशी दिलीस?"

"काल दिली तशीच."

"कालची ताजी होती."

"आन ही काय पेन्शनीत निघाली? कमल बाय, तुजे मांजरांनी तरी कदी घासाघीस केली गो? तूच नडतंस मेली."

ठरला तो भाव ठरला. उकडून ठेवलेली आधीची मासळी मी परातीत घेतली आणि मोठ्या खोलीत ठेवली. परात जमिनीला टेकायच्या आत चौदा तोंडं तिच्यात असतात, हा रोजचा दंगा. त्या दिवशी एकही हललं नाही. सगळी मागच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. एका रांगेत नव्हे, खोलीभर पसरून, पण माना एकाच कोनात. भिंतीवर काही नव्हतं. नुसता चुना.

हिराबाई खिडकीतून बघत होती. "त्या भिंतीमागं काय हाय?"

"शेड. सकाळी एक मांजर मेली, ती ठेवलीय."

"मेलेली हाय ना नक्की?"

"हिराबाई, तू मासळी विक."

तिने टोपली डोक्यावर घेतली. "मी आपली इचारते गो," म्हणाली आणि चालायला लागली. मी पैसे पुढे केले तर मागे न बघता हात हलवला, "ऱ्हाऊ दे आजचं." दहा वर्षांत तिने मला एक रुपया सोडला नव्हता. त्या हात हलवण्याने मी जितकी घाबरले तितकी मांजरांनी घाबरले नव्हते.

शेडवर दहापासून ऊन होतं. आत भट्टीसारखा उकाडा, तापलेल्या पत्र्याचा वास. पिशवी जिथे ठेवली तिथेच होती. फडक्यावर, जिथे तोंड असणार तिथे, नाण्याएवढा ओला डाग पडला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो डाग आत ओढला गेला. मग काहीच नाही. मी मनात वीसपर्यंत मोजलं. मग तो जरासा फुगला आणि पुन्हा आत गेला.

मी गाठ सोडायला गेले आणि मला माझीच गाठ सुटेना. शेवटी विळ्याने जाळी फाडली.

मॅडम फाटकातून आत येत होत्या. मी पळत गेले ती फडक्यासकट. त्यांनी तिथेच पायरीवर बसून थर्मामीटर लावला. मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, एकशे एक-दोनच्या घरात. थर्मामीटरवर आकडा आला नाही, नुसता एल आला. म्हणजे मशीनला मोजता येणार नाही इतकं खाली. तीन तास ऊब खाऊन ती इथवर आली होती. सकाळी ती कुठे होती, कोण जाणे.

"पाणी तापवा," मॅडम म्हणाल्या. "उकळतं नको."

'मी सांगितलं होतं' हे त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले असते आणि मला बरं वाटलं असतं.

गार मांजराला पटकन शेकायचं नसतं, हृदय थांबतं. गार असताना खायला घालायचं नसतं, पोटात तसंच कुजतं. आधी ऊब, फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशव्या दोन्ही बाजूंना. मग कोमट सलाईन. मग हिरड्यांवर बोटाने साखरेचं पाणी. आणि आठ दिवस उपाशी असलेल्याला पोटभर दिलं तर तिसऱ्या दिवशी ते मरतं, म्हणून कोंबडीचं पाणी दर दोन तासांनी, सिरिंजमधून, चमचाभरसुद्धा नाही. संध्याकाळी एल जाऊन आकडा आला. मी तो सरिताला मोठ्याने वाचून दाखवला.

मांजर जगण्याच्या बाजूला आली, पण जिवंत म्हणावं असं काही करेना. पापणी हलवत नव्हती. डोळ्यांत थेंब घालावे लागायचे. आवाज नाही. अंग चाटत नव्हती. मांजर स्वतःला चाटत नाही तोवर ती परत आली असं आम्ही धरत नाही. पिंजऱ्यात जसं ठेवावं तशी पडून राहायची आणि बघायची. माझ्याकडे. मी खोलीभर फिरले की तिची मान फिरायची. अर्धं तोंड पांढरं, अर्धं काळं. काळ्या बाजूचा डोळा लांबून दिसायचाच नाही. दुपारी बाकीची मांजरं तिच्या पिंजऱ्यासमोर येऊन बसायची आणि उठून जायची.

सरिता त्या कोपऱ्यात झाडू नेईना. "ताई, परत येतं ते तेच असतं का?"

"मग काय वॉचमनची आजी आहे?"

पण मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सलाईन लावताना माझ्या डोक्यात एक प्रश्न शिरला होता आणि तो निघत नव्हता. पंधरा वर्षं मी हात लावून 'गेली' म्हणत आले होते. थंडीत, पावसात, गटारातून काढलेली, गार पडलेली मांजरं. फडकं, जाळी, गाठ, मागची जमीन. ही परत आली कारण त्या दिवशी खड्डा काढणारा उशिरा येणार होता. एरवी तो सकाळीच यायचा.

ही जगली तर मी जिवंत जनावराला गाठ मारली होती हे रोज डोळ्यांसमोर राहणार होतं. मेली असती तर लोकांनी दोन दिवसांत विसरून टाकलं असतं. तरी ती जगायला हवी होती. इतकं कळवळून काही मी कधी मागितलं नव्हतं, पाटीवर नावसुद्धा नाही.

आठवड्याने कानांच्या आत पिवळं दिसायला लागलं. उपाशी मांजराचं लिव्हर जातं. डॉक्टर म्हणाले, "नाक चोंदलंय हिचं. मांजर वासावर जेवतं, वास नाही तर भूक नाही. शुक्रवारपर्यंत स्वतःहून खाल्लं तर ठीक. नाहीतर मी आणखी त्रास देणार नाही तिला." मी रोज तिला बाथरूममध्ये गरम पाण्याच्या वाफेत घेऊन बसले. कोंबडी झाली, कलेजी झाली, अंडं झालं. बशी नाकाखाली धरली की ती बशीच्या पलीकडे, माझ्याकडे बघायची.

हिराबाईला मी म्हटलं, "तिच्यासाठी काहीतरी उग्र वासाचं दे."

"मी नाय देनार. मेलेलीला मी मासली इकनार नाय."

"ती जिवंत आहे!"

"तू बांदली ना तिला? मंग ती गेली. तिला ठावं नाय ती परत आली ते." ती माझ्यावर ओरडत नव्हती, समजावत होती. "तिचा घास ऱ्हायलाय, कमल बाय."

शुक्रवारी हिराबाई टोपली न घेता आली. हातात पळसाच्या पानावर मूठभर जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, तव्यावर कोरडा भाजलेला, अजून चटचटत होता. वास असा की गल्लीतली कुत्रीही मागे आली होती. तिच्या घरची रीत अशी, की गेलेल्याचा घास ठेवायचा, पाठ फिरवायची आणि मागे वळून न बघता घरी जायचं. मी या गोष्टी मानत नाही. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे; असल्या रीतींवर मी आयुष्यभर भांडत आले. त्या दिवशी मात्र मी पिंजऱ्याचं दार उघडून बाजूला झाले.

हिराबाईने पान आत ठेवलं. "घे बाय," म्हणाली. मग मला म्हणाली, "तू पन फिर. तूच बांदलेलीस."

मी भिंतीकडे तोंड केलं. समोर कॅलेंडर होतं. हिराबाईची पावलं पायरी उतरून गेली. खोलीत कुठल्याच मांजराचा आवाज नव्हता. मग कुरकुर ऐकू आली, कुणी सुका पाला पायाखाली चुरडावा तशी. थांबली. पुन्हा सुरू झाली. मी वळले नाही. मला वास आणि वाफ आणि नाक सगळं माहीत होतं, डॉक्टरांनी समजावलेलं होतं, तरी वळले नाही. कुरकुर संपून जिभेचा खरखर आवाज यायला लागला, तेव्हा वळले. पान कोरं होतं. मांजर उजवा पंजा चाटत होती. तिने मान वर केली आणि पापण्या मिटून उघडल्या.

मॅडमनी संध्याकाळी रजिस्टर उघडलं. "ती नोंद खोडून टाकू या, ताई."

"खोडू नका. खाली लिहा, जिवंत होती. कमलने नीट बघितलं नाही."

त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं आणि पेन ठेवलं. दुसरं मी लिहिलं.

मार्चपर्यंत ती धडधाकट झाली. आवाज फुटला, जरा घोगरा. तिला मोकळं सोडलं तेव्हा वाटलं, भटकायला जाईल. ती सरळ मागच्या जमिनीवर गेली, जिथे आम्ही पुरतो तिथे. तिथे दगड नाही, खूण नाही. गवत आहे आणि दोन रुईची झाडं. एका जागी ती बसली, मान तिरकी करून, कान जमिनीकडे. तासभर. दुसऱ्या दिवशी तीच जागा, तीच मान. तिसऱ्या दिवशी तिने पंजाने माती उकरली, थांबली आणि पुन्हा कान लावला.

"उंदीर असतील," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर घूस. मांजराला जमिनीखालचं ऐकू येतं."

"असतील," मी म्हटलं.

आठ दिवस मी खिडकीतून ते बघितलं. नवव्या दिवशी भर दुपारी कुदळ घेऊन गेले. मांजर दोन हात बाजूला सरकली आणि बघत बसली. हातभर खाली लाल जाळी लागली. फडकं कधीच कुजून गेलं होतं, पण प्लास्टिकची जाळी जशीच्या तशी होती आणि तोंडाशी माझी गाठ. जाळीच्या बाजूने घुशीचं बीळ गेलेलं होतं, हे खरं. आत हाडं एका कोपऱ्यात गोळा झालेली होती. घुशीने ढकलली असतील. पाण्याने सरकली असतील. मी गुडघ्यांवर बसून आठवायचा प्रयत्न केला, की हे कुठलं मांजर, कुठल्या साली, पिशवीत घालताना मी त्याला सरळ ठेवलं होतं की मुटकुळं करून. फोनवर होते का? घाईत होते का? मला काही म्हणजे काही आठवेना. मी माती परत ढकलली. त्यानंतर ती मांजर तिथे कधी बसली नाही. बीळ मोडलं म्हणून, असं मॅडम म्हणतात.

आता कॅलेंडर दुसऱ्या खिळ्यावर आहे. जाळीच्या पिशव्या मी वापरत नाही. गार मांजर आलं की ते पूर्ण तासभर कुणाच्या तरी मांडीवर, गरम पाण्याच्या पिशव्यांमध्ये ठेवायचं, मग थर्मामीटर, मग काय ते. त्या मांडीला मी दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. त्या एकीनंतर आजवर एकही परत आलेलं नाही. तासभर मी मेलेल्या मांजराला ऊब देत बसते, भेटायला आलेली माणसं बघून एकमेकांना खुणा करतात. पाटीवर माझं नाव अजूनही नाही आणि त्यावरून मी मॅडमशी दर महिन्याला भांडते.

गेल्या थंडीत एक बोका आला, नाल्यातून काढलेला. तास झाला तेव्हा मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी थर्मामीटर लावला, बघितला, पुसला.

"कमलताई, तास झाला."

मी बोक्याच्या छातीवरचा हात काढला नाही. "पिशवीतलं पाणी गार झालंय," मी म्हटलं.

मॅडमनी थर्मामीटर डबीत ठेवला. मग त्यांनी माझ्या मांडीवरच्या दोन्ही पिशव्या अलगद काढून घेतल्या. स्वयंपाकघरात त्यांनी पातेल्यात पाणी ओतल्याचा आणि गॅस पेटवल्याचा आवाज आला.